जिवंत यज्ञ म्हणजे नेमकं काय? अख्खं आयुष्य देवाला वाहण्याविषयी

'भक्ती किती वाजता?' असं विचारलं तर नगरकडचा ख्रिस्ती माणूस रविवारच्या उपासनेची वेळ सांगतो आणि वसईतला मिस्साची, म्हणजे कॅथलिक उपासनेची. उत्तर बरोबरच आहे. पण भक्तीबद्दल बायबलच्या नव्या करारात जे सर्वांत धाडसी वाक्य आहे, ते कुठल्याच घड्याळात बसत नाही. येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात, १२व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात ते येतं. त्याचा आशय असा: म्हणून बंधूंनो, देवाने केलेल्या करुणा ध्यानात घेऊन मी तुम्हांला विनवतो, आपली शरीरं देवाला जिवंत, पवित्र आणि त्याला पसंत पडेल असा यज्ञ म्हणून द्या; हीच तुमची यथायोग्य सेवा आहे.

'सर्वस्व अर्पण', 'पूर्ण समर्पण' हे शब्द गाण्यांतून आणि प्रार्थनांतून सहज तोंडी बसलेले असतात. सोमवारी सकाळी मात्र त्यांचं करायचं काय, ते कळत नाही. एखाद्याला वाटतं, नोकरी सोडून सेवेत गेल्याशिवाय हे पुरं होणार नाही. एखादीला वाटतं, घरात जे वाट्याला येईल ते मुकाट्याने सोसणं म्हणजेच यज्ञ. पौलाला काय म्हणायचं होतं हे समजून घ्यायचं, तर ज्या वेदीवरून त्याने हा शब्द उचलला तिच्याजवळ आधी जावं लागतं.

वेदीजवळ काय चालत असे

मराठीत 'यज्ञ' म्हटलं की होमकुंड, समिधा आणि तुपाची आहुती डोळ्यांपुढे येते. पौलाच्या डोळ्यांपुढे यरुशलेमचं मंदिर होतं. हे पत्र इ.स. ५७च्या सुमारास करिंथ शहरातून लिहिलं गेलं आणि मंदिर पाडलं गेलं ते इ.स. ७० मध्ये. म्हणजे पौल 'यज्ञ' हा शब्द वापरत होता, तेव्हा तिकडे रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशी वर्षभर वयाची दोन कोकरं वेदीवर जात होती. प्रत्येक कोकराबरोबर साधारण दोन लिटर मापाचं सपीठ, ते मळायला लिटरभर जैतुनाचं तेल आणि तेवढाच द्राक्षारस. वाचणाऱ्यांना ही उपमा जुनी किंवा काव्यमय वाटली नसेल. धुराचा वास त्यांच्या ओळखीचा होता, कारण रोममध्येही चौकाचौकात देवळं आणि वेद्या होत्या.

जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या पहिल्या सात अध्यायांत पाच प्रकारची अर्पणं सांगितली आहेत: होमबली, अन्नबली, शांत्यर्पण, पापबली आणि दोषबली. आपल्या विषयाला सर्वांत जवळचा होमबली. त्याचा क्रम असा होता. माणूस कळपातला निर्दोष नर घेऊन येई. त्याच्या डोक्यावर हात ठेवी. जनावर तो स्वतः कापी. रक्त वेदीभोवती शिंपडणं हे याजकाचं काम. मग कातडं काढून तुकडे केले जात. आतडी आणि पाय पाण्याने धुतले जात. शेवटी सगळे तुकडे लाकडांवर रचून पूर्ण जाळले जात. कातडं तेवढं याजकाला मिळे. बाकी काहीच मागे राहत नसे. ज्याने आणलं त्याच्या वाट्याला एक घासही येत नसे.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, डोक्यावर हात ठेवणं. त्यातून माणूस म्हणे की हे माझं आहे, माझ्या नावाने जातं आहे. दुसऱ्याचं जनावर कोणी वाहू शकत नसे. दुसरी, आतडी आणि पाय धुणं. आतडी म्हणजे पोटातलं, जे कोणाला दिसत नाही. पाय म्हणजे रस्त्यावरची धूळ लागलेला भाग. हे दोन्ही टाकून देत नसत. धुऊन, बाकीच्या तुकड्यांबरोबर वेदीवरच ठेवत.

शांत्यर्पणाची रीत वेगळी आणि आनंदाची. त्यात चरबी वेदीवर जाई, उराचा भाग आणि उजवी मांडी याजकांना मिळे आणि उरलेलं मांस माणूस घरच्यांबरोबर खाई. ते अर्पण आभाराचं असेल तर मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. एका घराला एका दिवसात अख्खं जनावर संपत नाही. म्हणजे चार माणसं बोलवावीच लागत. कृतज्ञता एकट्याने साठवून ठेवता येणार नाही, अशी सोय नियमातच होती.

'म्हणून' या शब्दाचं वजन

पौलाचं वाक्य 'म्हणून' या शब्दाने सुरू होतं, आणि त्या 'म्हणून'च्या मागे ११ अध्याय आहेत. त्या ११ अध्यायांत त्याने माणसाचं पाप, ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान, पवित्र आत्म्याचं काम आणि इस्राएलाशी देवाने राखलेली निष्ठा हे सगळं मांडलं आहे. १२व्या अध्यायापर्यंत 'तुम्ही हे करा' असं तो फारसं म्हणतच नाही. मूळ ग्रीकमध्ये 'करुणा' हा शब्द अनेकवचनी आहे. आधी त्या करुणांची यादी, मग विनंती.

ख्रिस्ती विश्वासाप्रमाणे पापबली आणि दोषबली यांचं काम येशूच्या मरणात एकदाच आणि कायमचं झालं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा १०वा अध्याय हेच सांगतो. मग माणसाने वाहायचं काय उरलं? होमबली आणि आभाराचं अर्पण. म्हणजे आयुष्य वाहणं हे पाप फेडण्यासाठी नाही आणि देवाला राजी करण्यासाठीही नाही. तो आधीच राजी झाला आहे, हे कळल्यावर माणूस स्वतःला त्याच्या स्वाधीन करतो.

हा क्रम उलटा झाला की सगळंच बिघडतं. उलटा झाल्याची खूण ओळखायला सोपी आहे. घरात आजारपण आलं किंवा मुलाला नोकरी लागली नाही की मनात येतं, 'मी देवासाठी एवढं केलं, आणि त्याने हे दिलं?' हे वाक्य उमटलं की समजावं, अर्पणाचं कधीतरी हप्त्यात रूपांतर झालं आहे. अशा वेळी जास्त सेवा करणं हा उपाय नाही. पत्राचा ५वा किंवा ८वा अध्याय सावकाश वाचून पुन्हा 'म्हणून'च्या मागच्या बाजूला जाऊन उभं राहावं लागतं.

शरीरच का?

पौल 'आत्मा द्या' किंवा 'मन द्या' असं म्हणू शकला असता. ग्रीक जगात शरीर हलकं आणि आत्मा श्रेष्ठ असं मानणारे पुष्कळ होते. त्याने 'शरीरं' म्हटलं. याच पत्राच्या ६व्या अध्यायात तो आणखी बारीक होतो: आपले अवयव नीतिमत्त्वाची साधनं म्हणून देवाला द्या. तिथेही 'देणं' या अर्थाचं तेच क्रियापद आहे. भावना कितीही उंच असू शकते. शरीर मात्र एका वेळी एकाच ठिकाणी असतं. ते दवाखान्यात आईच्या खाटेजवळ असतं किंवा नसतं. म्हणून शरीर दिलं की नाही, हे तपासता येतं.

'शरीरं' अनेकवचनी आहे, पण 'यज्ञ' एकवचनी. पुष्कळ शरीरं मिळून एक यज्ञ. लगेच चार वचनांत तो एका शरीराच्या अनेक अवयवांवर येतो आणि सात देणग्या सांगतो: संदेश देणं, सेवा करणं, शिकवणं, बोध करणं, दान देणं, पुढारीपण आणि दया. त्यामुळे 'माझं आणि देवाचं खासगी समर्पण' ही कल्पना या उताऱ्यात बसत नाही. रोममधली मंडळी, म्हणजे ख्रिस्ती समुदाय, घराघरांत जमणारी होती. सम्राट क्लौदियसाने यहूद्यांना रोममधून घालवलं होतं. ते परत आल्यावर यहूदी आणि बिगर-यहूदी विश्वासणाऱ्यांचं एकत्र नांदणं सोपं नव्हतं. कोणी मांस खाई, कोणी फक्त भाजीपाला, आणि दोघं एकमेकांना नावं ठेवत. १४वा अध्याय त्याबद्दलच आहे. ताटावरून माणसं कशी तुटतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पौलाचा यज्ञ अशा पंगतीत व्हायचा होता.

मूळचा 'सेवा' हा शब्द ग्रीकमध्ये 'लात्रेइया'. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो इब्री 'अवोदा' या शब्दासाठी येतो. 'अवोदा' म्हणजे काम आणि 'अवोदा' म्हणजेच उपासना. निर्गम पुस्तकात मिसरचा राजा फारो याने इस्राएली लोकांकडून करवून घेतलेल्या मजुरीला हाच शब्द आहे आणि सुटका झाल्यावर करायच्या वल्हांडणाच्या विधीलाही हाच. प्रश्न कष्ट करायचे की भक्ती, असा नाहीच. कष्ट कोणासाठी, असा आहे. आणि 'यथायोग्य' असं वर म्हटलं तो शब्द 'लोगिकोस'. कुणी त्याचा अर्थ 'आध्यात्मिक' असा घेतात, कुणी 'विचारपूर्वक' असा. दोन्हींना जागा आहे, पण भारावून केलेलं, न समजता केलेलं असं काही त्यात येत नाही, हे नक्की.

दुसऱ्या वचनात दोन क्रियापदं समोरासमोर ठेवली आहेत: या युगाच्या साच्यात बसू नका, तर मनाच्या नवीकरणाने स्वतःचं रूपांतर होऊ द्या. 'रूपांतर' हा तोच शब्द आहे जो डोंगरावर येशूचं रूप पालटलं तिथे मत्तय आणि मार्क वापरतात. ग्रीक व्याकरणात ते क्रियापद चालू क्रियेचं आहे आणि कर्मणी आहे, म्हणजे होत राहू द्या, एका दिवसात आटपेल अशी अपेक्षा नाही. करणारा देव आहे, तुम्ही अडवू नका.

रोजच्या दिवसात हे कसं बसवायचं

वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही असा नियम होता, आणि त्यासाठीचं रोजचं काम अगदी साधं होतं. याजकाने सकाळी आधी रात्रीची राख काढायची, वेदीच्या बाजूला ठेवायची, कपडे बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकायची. मग नवी लाकडं घालायची. राख न काढता लाकडं रचत गेलं की विस्तव घुसमटतो. चूल पेटवणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे. आपल्याकडे समर्पण थंडावतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. नव्या वर्षाचे संकल्प वरून पडत राहतात, आणि कालचा राग, कालचं खोटं, कालचं अर्धवट राहिलेलं बोलणं खाली तसंच साचतं.

म्हणून रात्रीपासून सुरुवात करणं सोपं जातं. १६व्या शतकात येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाची पाच पायऱ्यांची पद्धत घालून दिली. त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले, आणि त्यांच्या येशूसंघातल्या थॉमस स्टीफन्स यांनी आपल्याच भाषेत क्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. म्हणजे ही परंपरा आपल्या किनाऱ्याला काही नवी नाही. पायऱ्या अशा: आज मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार; खरं दिसावं म्हणून प्रकाश मागणं; उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने आठवणं; चुकलं त्याची क्षमा मागणं; उद्यासाठी एक सुधारणा ठरवणं. दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. इथे दोन चुका होतात. आभारांची पायरी गाळून लोक थेट चुकांवर येतात आणि आठ दिवसांत खचतात. किंवा उद्यासाठी पाच-सहा गोष्टी ठरवतात. एकच ठरवा, आणि ती शरीराने करता येईल अशी हवी. 'अधिक प्रेमळ होईन' हे नको; 'उद्या सासूबाईंना स्वतःहून फोन करीन' हे चालेल.

सकाळी पाच मिनिटं. दिवसभरात जिथे जिथे शरीर जाणार आहे ते डोळ्यांपुढे आणायचं: साडेसातची लोकल, अकराची मीटिंग, संध्याकाळचा भाजीबाजार, मुलीचा गणिताचा अभ्यास. प्रत्येक जागा नाव घेऊन देवाच्या हाती द्यायची. कॅथलिक घरांत म्हटली जाणारी सकाळची अर्पणप्रार्थना हेच करते: आजची कामं, आनंद, दुःखं, प्रार्थना सगळं येशूच्या अर्पणाबरोबर जोडून देणं. १८४४ मध्ये फ्रान्समधल्या फादर गोत्रले यांनी आपल्या येशूसंघी विद्यार्थ्यांना ही दिशा दिली. परदेशी मिशनवर जायला ते उतावीळ झाले होते. आज हातात असलेला अभ्यासच अर्पण करा, असं त्यांनी सुचवलं. 'मोठी सेवा मिळाली की देईन' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे.

कामाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. कलस्सैकरांस पत्रात पौल म्हणतो, जे कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जीव ओतून करा. हे वाक्य दुकानांत आणि ऑफिसांत फ्रेम करून लावलेलं दिसतं, पण ते मूळचं गुलामांना उद्देशून आहे आणि लगेच पुढच्या अध्यायाच्या पहिल्या वचनात मालकांना तंबी आहे: न्यायाने आणि समतेने वागवा, तुम्हांलाही स्वर्गात धनी आहे. पहिलं वाक्य कामगारांना ऐकवायचं आणि दुसरं गाळायचं, असं चालणार नाही. लेवीय पुस्तकात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नको असं स्पष्ट आहे. घरकामाला येणाऱ्या ताईंचा पगार महिन्याच्या १ तारखेला ठरला असेल तर तो १ तारखेला देणं हा उपासनेचा भाग आहे. १० तारखेला पगार आणि त्याआधीच्या रविवारी भरगच्च अर्पण, हा मेळ बसत नाही.

रिक्षाचालकासाठी वेदी म्हणजे मीटर, शिक्षिकेसाठी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, इंजिनियरसाठी सिमेंटचं प्रमाण. वही न वाचता बरोबरची खूण करणं म्हणजे मलाखी संदेष्ट्याच्या काळातलं आंधळं, लंगडं जनावर आणणं. मलाखी विचारतो, हेच तुझ्या सुभेदाराला देऊन बघ, तो घेईल का?

पैसा

इथे आकडे मांडूनच बोलावं. जुन्या करारात दशांश एकच नव्हता: एक मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांसाठी, एक सणांच्या जेवणासाठी आणि दर तिसऱ्या वर्षी परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. नव्या करारात ठरावीक टक्का सांगितलेला नाही. करिंथकरांना पौल इतकंच सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, आणि दुसऱ्या पत्रात, आपल्याजवळ जे आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं, जे नाही त्या मानाने नव्हे.

समजा, घरात महिना ३०,००० रुपये येतात आणि १० टक्के द्यायचं ठरलं. ३,००० रुपये पगाराच्या दिवशीच वेगळे काढा, उरले तर देऊ असं ठेवू नका, उरत नाही. त्यातले १,५०० मंडळीला, १,००० ओळखीतल्या एखाद्या नेमक्या गरजेला, ५०० साठवून अचानक आलेल्या हाकेसाठी, अशी एक वाटणी होऊ शकते. डोक्यावर सावकाराचं किंवा क्रेडिट कार्डाचं कर्ज असेल तर टक्का खाली आणा आणि आधी देणं फेडा. कोणाच्या ऋणात राहू नका हेही याच रोमकरांस पत्रात आहे. नवरा-बायकोने मिळून आकडा ठरवावा. एकाने परस्पर जाहीर केलेलं अर्पण दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून आणलेलं असतं.

आणि एक धोका येशूने स्वतः दाखवला. त्याच्या काळी एखादी वस्तू 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेली असं जाहीर केलं की ती आईवडिलांना द्यावी लागत नसे. मार्क ७ मध्ये येशू त्यावर कडक शब्दांत तुटून पडतो. आज वडिलांच्या औषधांना हात आखडता घेऊन कन्व्हेन्शनच्या मांडवासाठी पावती फाडणं, हे त्याच जातीचं आहे.

जिथे हा शब्द घात करतो

यज्ञाची भाषा धोकादायकही आहे, आणि हे मंडळीत पुरेशा मोठ्याने बोललं जात नाही. मार खाणाऱ्या बाईला 'सहन कर, हाच तुझा क्रूस, हेच तुझं अर्पण' असं सांगितलं जातं. हे शास्त्राला धरून नाही. येशू योहान १० मध्ये म्हणतो, माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. आपण होऊन दिलेलं तेच अर्पण. जे दुसरा हिसकावतो त्याला शास्त्रात हिंसा म्हणतात, आणि त्याबद्दल संदेष्टे देवाच्या वतीने संतापतात: यशया पहिल्या अध्यायात म्हणतो, तुमचे हात रक्ताने भरले आहेत, मला तुमचे होमबली नकोत. घरात मारहाण होत असेल तर सुरक्षित जागी जाणं, १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा ११२ला फोन करणं यात समर्पण मोडत नाही. पाळकाने मध्यस्थी करून तिला परत घरी धाडण्याआधी तिचा जीव सुरक्षित आहे का, हे पाहावं.

दुसरी गोष्ट कमी दुखरी पण फार सर्रास. सेवेत सतत बाहेर असणारा माणूस स्वतःचं आयुष्य वाहतो असं म्हणतो, प्रत्यक्षात बायकोची झोप, मुलांच्या संध्याकाळी आणि म्हाताऱ्या आईचा एकांत वाहत असतो. अरौनाचं खळं फुकट मिळत असताना दावीद राजा म्हणाला होता की ज्याची मला काही किंमत पडली नाही असे होमबली मी वाहणार नाही, आणि त्याने ५० शेकेल चांदी मोजली. किंमत त्याने दिली, शेजाऱ्याने नव्हे. आठवड्यातून एक दिवस काम आणि सेवा दोन्ही बंद ठेवणं हाही शरीर देण्याचाच भाग आहे. शब्बाथाची आज्ञा त्याच देवाची आहे. आणि मोठ्यात मोठा त्यागही प्रीतीवाचून कवडीमोल असतो, असं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात आहे: शरीर जाळायला दिलं, पण प्रीती नसली, तर काही लाभ नाही.

भांडण मिटवायचं राहिलं असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाकडे जा, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं. ऐकणारे गालीलातले होते आणि मंदिर यरुशलेमात. भाऊ घरी गालीलात असेल तर ती काही दिवसांची पायपीट होती. तरीही आधी भाऊ.

ज्यांना काहीच करता येत नाही

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा, केमोथेरपी चालू असलेली बाई, स्मृती गेलेली आजी, नैराश्यात बुडालेला तरुण. समर्पणाच्या बहुतेक प्रवचनांत यांना जागाच नसते. लेवीय पुस्तकात आहे. होमबलीसाठी बैल परवडत नसेल तर मेंढा किंवा बोकड, तोही नसेल तर पारवा. पापबलीत तर याहून खाली उतरलं आहे: दोन पक्षीही जमत नसतील तर साधारण दोन लिटर मापाचं सपीठ, तेलाशिवाय. प्रत्येक पायरीचं अर्पण स्वीकारलं जातं. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी पक्ष्यांची जोडीच वाहिली, म्हणजे गरिबाचं अर्पण.

अंथरुणावरच्या माणसाला दुसऱ्याच्या हाताने अंग पुसून घ्यावं लागतं. ते कुरकुर न करता घेणं, नर्सचं नाव लक्षात ठेवणं, दुखलं तर दुखतं असं खरं सांगणं हेही शरीराने दिलेलं असतं. स्मृती गेलेल्या आजीच्या बाबतीत बोलायला मंडळी आहे. शरीरं अनेक आणि यज्ञ एक, हे इथे कामाला येतं. तिच्या वतीने तिचं नाव घेऊन प्रार्थना करणारे, तिच्या घरी प्रभुभोजन नेणारे असले की तिचं शरीर त्या एका यज्ञात असतंच. नैराश्यात असलेल्याने डॉक्टरांची वेळ घेणं आणि ठरलेली गोळी वेळेवर घेणं, इतकं त्या दिवसाचं अर्पण पुरे आहे.

रविवारचं काय मग?

रविवार यातून वगळला जात नाही. उलट तिथेच आठवडा एकत्र गोळा होतो. मिस्सात भाकर आणि द्राक्षारस पुढे नेले जातात तेव्हा लोकांचा आठवडाही त्यांच्याबरोबर जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ मधल्या चर्चविषयक घोषणापत्रात हे नेमकं मांडलं आहे: सामान्य विश्वासणाऱ्यांची कामं, प्रार्थना, संसार, रोजचे श्रम, शरीर-मनाची विश्रांती, इतकंच काय धीराने सोसलेले त्रास, हे सगळे ख्रिस्ताद्वारे आध्यात्मिक यज्ञ होतात. विश्रांतीचाही त्यात उल्लेख आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनानंतर 'आम्ही आम्हांला, आमच्या आत्म्यांना आणि शरीरांना' अर्पण करण्याची प्रार्थना आहे, तीत रोमकरांस पत्राचेच शब्द आहेत. मेथडिस्ट लोक वर्षातून एकदा, बहुधा नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी, कराराची उपासना करतात. १७५५ मध्ये जॉन वेस्ली यांनी लंडनमध्ये ती सुरू केली. मी आता माझा नाही, तुझा आहे. मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, असा तिचा सूर. 'बाजूला ठेव' हे म्हणायला जास्त जड जातं.

महाराष्ट्रात हे वाक्य अंगात भिनवलेली माणसं होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी शिकवणी आणि प्रार्थनेबरोबर विणकाम, तेलघाणी, छापखाना उभा केला. इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं आणि १९२२ मध्ये मृत्यूच्या आधी ते पुरं केलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. दोघांचं पाहून 'आपलं काय एवढं' असं वाटू नये. घाणा चालवणाऱ्या, छपाईचे खिळे जुळवणाऱ्या ज्या मुलींची नावं पुस्तकांत आली नाहीत, त्यांच्या हातांनीच ते बायबल छापून निघालं.

पौलाच्या पत्राचं शेवटचं पान पाहिलं की हे अधिकच दिसतं. १६व्या अध्यायात तो नावं घेत सुटतो. किंख्रियाची फिबी, जिच्याकडे बहुधा हे पत्र पोचवायला दिलं होतं. तंबू शिवणारे प्रिस्किल्ला आणि अक्विला, ज्यांच्या घरात मंडळी जमते. मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस, या चौघींसाठी तो 'कष्ट केले' हे एकच क्रियापद वापरतो. रूफाची आई, जी पौलाचीही आई झाली. गायस, ज्याच्या घरी तो उतरला आहे. शहराचा खजिनदार एरास्त. आणि मध्येच लेखणी धरणारा माणूस स्वतःच बोलतो: हे पत्र लिहून देणारा मी तर्तियुस, तुम्हांला प्रभूमध्ये सलाम सांगतो. १२व्या अध्यायातली 'शरीरं द्या' ही ओळ पौलाने सांगितली तेव्हा ती कागदावर उतरवणारा हात त्याचा होता.